डाव्या बाजूचं तेल: १९८४ च्या बुलेटच्या नोंदी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

गाडी एनफिल्ड बुलेट ३५०, १९८४ ची, मद्रासच्या कारखान्यातली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. कागदोपत्री मालक बाबा, चालवणारी मी. दुखणं किरकोळ: उभी केली की डाव्या बाजूच्या प्रायमरी कव्हरखाली तेलाचे थेंब पडतात. आजवर त्यावर इलाज एकच, खाली पुठ्ठा. तो भिजला की दुसरा. मिक्सरचं, पंख्याचं, एकदा तर नव्या टीव्हीचं खोकंही त्यात खर्ची पडलं.

यंदा दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. सोसायटीने पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवले आणि सेक्रेटरींनी पहिल्याच आठवड्यात माझ्या जागेचा फोटो ग्रुपवर टाकला. नाव लिहिलं नव्हतं, नंबरप्लेट मात्र स्वच्छ दिसत होती. आणि ती नंबरप्लेटही आता बदलायचीय. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी लावायची मुदत या महिनाअखेरीपर्यंत आहे. दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. अपॉइंटमेंट मिळालीय २९ तारखेची. परक्याच्या लादीवर तेल सांडत रांगेत उभं राहायची माझी तयारी नाही.

बुलेटवाल्यांत एक वाक्य फिरतं: गळत नसेल तर तेल संपलं असं समजा. मीही ते हसत हसत लोकांना ऐकवत आले. आता कंटाळा आलाय. अॅल्युमिनियमचे दोन भाग, मध्ये एक रबर आणि एक नट, यात गाडीचा स्वभाव कुठून आला? तेल बाहेर येतंय म्हणजे कुठूनतरी येतंय. ती जागा शोधायची, एवढंच काम आहे.

जाता जाता: लोक हिला व्हिंटेज म्हणतात. कायदा म्हणत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की व्हिंटेज. मग नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आणि मग ती गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. म्हणजे २०३४ पर्यंत आम्ही नुसत्याच जुन्या. बरंय ते.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज फक्त शोध. पाना हातात घ्यायचा नाही असं ठरवूनच खाली उतरले.

आधी धुलाई. डिझेल, जुना टूथब्रश, चिंध्या. कव्हरच्या खालचा थर इतका जाड की तो खरवडायला बाबांनी सुरी शोधून दिली. स्वयंपाकघरातली. आईला अजून माहीत नाही. सगळं कोरडं झाल्यावर टाल्कम पावडर घेतली आणि कव्हरच्या कडेने, खाली, मागे, इंजिनला लागून असलेल्या बाजूला, सगळीकडे फुंकली. तेल जिथून निघेल तिथे पावडर पहिल्यांदा ओली होईल. साधी युक्ती आहे, आणि तेलाचा थेंब जमिनीवर बघून अंदाज बांधण्यापेक्षा फार बरी.

मेन स्टँडवर दहा मिनिटं इंजिन चालवलं. रस्त्यावर नेलं नाही, वाऱ्याने पावडर उडते आणि तेलही मागे पसरतं. मग बंद करून बाबांसोबत चहा.

परत आलो तर दोन्ही भागांचा जोड जवळजवळ कोरडा. ओली रेघ होती मागच्या बाजूला, आल्टरनेटरच्या, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्राच्या तारा ज्या भोकातून बाहेर येतात तिथून निघालेली. ती खाली उतरून कव्हरच्या कडेने पुढे सरकत होती आणि सगळ्यांत खालच्या जागी थेंब धरत होती. थेंब पडतो जोडाखाली, म्हणून आजवर ज्याने ज्याने बघितलं त्याने जोडालाच दोष दिला, आणि जोडालाच गळती बुजवायची पेस्ट फासली.

ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. इंजिनच्या क्रँकवरून, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावरून, क्लचकडे ताकद नेणारी एक चेन असते, ती प्रायमरी चेन. ती, क्लच आणि पुढच्या बाजूला आल्टरनेटर, तिघंही या डाव्या डब्यात तेलात राहतात. डब्याचा आतला भाग इंजिनला पक्का, बाहेरचा म्हणजे आपल्याला दिसतं ते चकचकीत कव्हर. आणि हे एवढं लांबोडकं कव्हर धरून ठेवतो मधला एकच नट. कडेला स्क्रू नाहीत. दोन्हींच्या मध्ये एक रबरी पट्टी. ज्याने हे आखलं त्याला पाच मिनिटांत कव्हर उघडायची सोय करायची होती, हे कळतं. बाकीचं सगळं त्या पट्टीच्या भरवशावर सोडलंय.

बाबा म्हणाले, “पण सकाळी पुठ्ठ्यावर असतं त्यापेक्षा हे कमी आहे.” बरोबर होतं. म्हणून पुन्हा पावडर मारून रात्रभर साइड स्टँडवर ठेवली.

सोमवार, १० नोव्हेंबर

ऑफिसला जायच्या आधी टॉर्च घेऊन बघितलं. आता जोडही ओला, मागच्या टोकाकडे हातभर नाही पण बोटभर लांबीत. म्हणजे गळत्या दोन. मेन स्टँडवर, इंजिन चालू असताना आत तेल उडतं आणि तारांच्या भोकातून येतं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, सगळं तेल बाहेरच्या कव्हरमध्ये येऊन जोडाला टेकतं, आणि मग जोड पाझरतो. एक बंद केली असती तर दुसरी चालू राहिली असती आणि मी म्हटलं असतं, बघा, बुलेट आहे, गळणारच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

संध्याकाळी ठाण्यातच, राबोडीत, मेकॅनिक चाचांकडे. त्यांनी बाबांच्या काळापासून ही गाडी बघितलीय. मी पावडरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ बघितला.

“ताई, ते ठीक. पण आधी सांगा, आतलं तेल कमी होतंय की वाढतंय?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. क्रँकच्या डाव्या टोकाचं ऑइल सील गेलं असेल तर इंजिनमधलं तेल या डब्यात शिरतं. मग डबा भरून वाहतो, आणि बाहेरून दिसतं ते अगदी कव्हर गळल्यासारखं. तसं असेल तर पट्टी बदला, भोक बुजवा, काही उपयोग नाही; डबा आतून भरतच राहणार. बाहेर गळत असेल तर आतलं तेल कमी भरायला हवं. म्हणून उघडताना मोजायचं.

दुसरा प्रश्न, “ब्रीदरचा रबर कधी बदलला?” कोणालाच आठवत नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा दाबली जाते, ती बाहेर जायला ब्रीदर. त्याच्या तोंडाशी चपटा रबर असतो, हवा बाहेर सोडतो आणि परत आत येऊ देत नाही. तो कडक झाला की आतला दाब तेलालाच बाहेर ढकलायला लागतो, जिथे फट मिळेल तिथून. चाचा म्हणाले, लोक सील बदलून बदलून थकतात आणि हा छोटा रबर कोणी बघत नाही.

पेस्ट मारून देऊ का, असंही त्यांनी विचारलं, पंधरा मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. ते हसले आणि कामाला लागले, जणू त्यांनाही तेच उत्तर हवं होतं.

रात्री पट्टी आणि ब्रीदरचा रबर ऑर्डर केला. बुलेटचे जुने पार्ट म्हटलं की रस्ता शेवटी दिल्लीच्या करोल बागेतच जातो. तारांच्या भोकाचा रबर तिथे दिसला तो वेगळ्या मापाचा, तो मागवला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

उघडली.

कव्हर काढायला आधी डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढावं लागतं, कारण दोन्ही त्याच्या समोर येतात. इथेच बहुतेकांचा पहिला अर्धा तास जातो. माझा गेला नाही, कारण बाबांची पानांची पेटी. या गाडीवर बरेच नट अजून इंग्रजी मापाचे आहेत; कंपनी मद्रासला आली १९५५ साली, पण इंग्लंडमधले आटे बरोबर घेऊन आली आणि कितीतरी वर्षं तेच वापरत राहिली. मिलिमीटरचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात. आमच्या फूटरेस्टच्या नटावर अशा एका जोराची खूण आहे. बाबा ती बघून दर वेळी एका माणसाचं नाव घेतात. ते इथे लिहीत नाही.

ब्रेक पेडल काढल्यावर गाडी ढकलत नेण्याचा मोह करू नये. उताराची जागा असेल तर अजिबात नाही.

मग खाली परात (ही आईची नाही, मुद्दाम जुनी विकत आणलेली), मधला नट सैल केला. तो इतका आवळलेला होता की पान्यावर पाय द्यावा लागला. कव्हर सुटलं आणि तेल परातीत. मुलाची लहानपणीची दुधाची बाटली खुणांसकट जपून ठेवली होती, तिने मोजलं: ३०० मिलीला थोडं कमी. या डब्यात साधारण ४२० मिली बसतं. म्हणजे आत शिरत नाहीये, बाहेरच जातंय. क्रँकचं सील शाबूत. चाचांना लगेच फोन केला, ते म्हणाले, “चला, पैसे वाचले.”

तेल काळपट पण जळका वास नाही, चमकणारे कण नाहीत. परातीच्या तळाशी चुंबक फिरवलं, हाताला लागलं ते किरकोळ.

आत काय मिळालं:

पट्टी कडक, बोटाने वाकवली तर तुटली. तिच्या दोन्ही बाजूंना पेस्टचे थर. काळा, त्याखाली लाल, त्याखाली लाखेसारखं काहीतरी तपकिरी. कोणत्या गॅरेजमध्ये कोणता थर चढला ते बाबांना सांगता येतं. पेस्टचे तुकडे सुटून आत क्लचच्या पुढ्यात पडलेले. क्लचच्या प्लेटांच्या मध्ये असा तुकडा शिरला की क्लच नीट सुटत नाही आणि मग माणूस क्लचची केबल बदलत बसतो.

तारांच्या भोकाचा रबर तर रबर राहिलाच नव्हता. तीन तारा तीन भोकांतून जातात, त्या भोकांपासून कडेपर्यंत चिरा.

प्रायमरी चेन चालेल. वरच्या बाजूला मध्यावर बोटाने दाबून बघितलं, चाक थोडं थोडं फिरवून सगळ्यांत ताणलेल्या जागी. पाव इंच खेळ हवा. बाबा म्हणाले, “दोन सूत. आहे.” टेन्शनर तसाच ठेवला.

आता खरं संकट. कव्हर उघडलंच आहे तर क्लचच्या प्लेटाही बघूया. प्लेटा काढल्याच आहेत तर स्प्रिंगा नव्या. तेवढं केलं तर आतला डबाही काढून मागचं पॅकिंग. आमच्याच बिल्डिंगमध्ये ‘उघडलंच आहे तर’ने उघडलेली एक येझदी आहे, तिची टाकी एका घरात, इंजिन गच्चीवर, आणि सांगाडा मीटर रूममागे. क्लच घसरत नाही, अडकत नाही. त्याला हात लावायचा नाही. हे मी पाटीवर लिहून परातीशेजारी ठेवलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

कव्हर सपाट आहे का, हे बघायला सपाट काहीतरी हवं. घरात सगळ्यांत सपाट वस्तू म्हणजे जुन्या शोकेसची सरकती काच. काच जेवणाच्या टेबलावर, त्यावर कव्हर पालथं. दोन्ही टोकांना उजेड दिसला.

फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, घातलं. पुढच्या टोकाला बारीक पातं जाईना. मागच्या टोकाला ०.३० मिलिमीटरचं आरामात गेलं. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, त्यांनी गेज हातातून घेतलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाले, “बारा थाऊ. एवढं नको.” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

मग गप्प बसले. मीही. शेवटी म्हणाले, “पावसाळ्याआधी मी थोडं आवळायचो.”

“किती?”

“थोडं. दर वर्षी.”

एकच नट मध्यभागी आणि कव्हर लांब. नट आवळला की मधला भाग आत जातो आणि लांबची टोकं बाहेर उचलली जातात. गळती टोकाला दिसते, म्हणून माणूस आणखी आवळतो, टोक आणखी उचलतं. हे बाबांना मी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या पत्र्यांच्या आणि साच्यांच्या सपाटीवर शेरे मारलेत. पण घरची गाडी घरची असते, तिथे माणूस फिटर नसतो.

वाकलेलं ठोकून सरळ करायचं नाही, जुनं ओतीव अॅल्युमिनियम तडकू शकतं. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, त्यावर थोडं डिझेल, आणि कव्हर आठच्या आकड्यात फिरवायचं. मध्ये मध्ये उलटं करून बघायचं: जिथे चकाकी येते तिथे घासलं जातंय, जिथे करडं राहिलंय तिथे अजून खोल आहे. बाबा खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला उठवलं आणि स्वतः घासायला लागले. दाब देऊ नको, वजनानेच घासू दे, हात एका जागी धरू नको, दर थोड्या वेळाने कव्हर फिरवून धर. अठ्ठ्याहत्तरीत खांदा दुखतो म्हणून भाजीची पिशवी न उचलणारा माणूस दुपारच्या जेवणापर्यंत उठला नाही. शेवटचा हात ४०० नंबरवर.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून बाबांना घेऊन वागळे इस्टेटला. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात इथूनच झाली; आता कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि बाबांचा कारखानाही नाही, पण आतल्या गाळ्यांमध्ये लेथ अजून फिरतात. बाबांच्या ओळखीच्या गाळ्यात सरफेस प्लेट आहे, सपाटी तपासायचा अगदी सपाट पाट. तिच्यावर निळा रंग लावून कव्हर टेकवलं. निळा डाग कडेने सलग उठला, फक्त मागच्या वळणावर नखाएवढी जागा कोरी. लेथवाल्यांनी विचारलं, “कशावर घासलंत?” बाबा म्हणाले, “काचेवर.” मग दोघांचं शोकेसच्या काचांच्या जाडीवर बोलणं सुरू झालं, ते आवरायला मला मध्ये पडावं लागलं.

मधल्या नटाखाली मुळात होता तो वॉशर घासून वाटीसारखा झाला होता. त्याच मापाचा पण रुंद, पितळेचा वॉशर त्यांनी तिथल्या तिथे लेथवर काढून दिला, नटाचा जोर थोड्या मोठ्या जागेवर पसरावा म्हणून. त्याच्याखाली फायबरचा एक. १५० रुपये.

तारांच्या रबराचं काम शेजारच्या गाळ्यात. तिथे रबराचे सील आणि बुश बनतात. बाबांचा आग्रह एकच: नायट्राइल हवं. साधं रबर तेलात फुगतं, मऊ पडतं आणि मग वाळून चिरतं. नायट्राइल तेलाला टिकतं, म्हणूनच ऑइल सील बहुतेक त्याची असतात. आमच्या गाडीत जे होतं ते पंक्चरच्या दुकानातल्या तुकड्यातून कापलेलं असावं. त्यांनी जुना नमुना मापला, म्हणाले एकच करणं परवडत नाही, चार घ्या. घेतले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दिल्लीचं पार्सल आलं. पट्टी थोडी लहान, ताणून बसवावी लागेल. गरम पाण्यात ठेवली की मानते. ब्रीदरचा नवा रबर हातात घेतल्यावर जुना किती कडक होता ते कळलं. जुन्याचे ओठ उघडेच राहिले होते, म्हणजे हवा दोन्हीकडे ये-जा करत होती. तो लगेच बदलला, क्लिप नवी लावली.

दिवसभर बाकी साफसफाई. जुनी पेस्ट काढायला धातूची पट्टी वापरली नाही, ओरखडा पडला की तीच नवी फट. जुन्या क्रेडिट कार्डाने काढली. कार्ड बंद केल्याचा पहिलाच प्रत्यक्ष फायदा.

रविवार, २३ नोव्हेंबर

तारा आधी. तारांच्या टोकाला जे कनेक्टर आहेत ते रबराच्या भोकातून जात नाहीत, म्हणून टोकं कापावीच लागली. कापण्याआधी तिन्हींचा फोटो आणि तिन्हींवर वेगवेगळ्या रंगाचा दोरा. आल्टरनेटरची कॉइल प्लेट हलवली नाही. ती सैल केली की पुन्हा बसवताना आतल्या फिरत्या मॅग्नेटभोवती सगळीकडून किमान ०.२० मिलिमीटर, म्हणजे आठ थाऊ, फट राखावी लागते. एका बाजूला घासली तर कॉइल जाते. ज्या कामाची गरज नाही त्याला नमस्कार.

नवा रबर तारांवर सरकवला, आतल्या बाजूने तारांभोवती अगदी बारीक सीलंट. सगळ्या कामात पेस्ट लागली ती इथेच. मग नवे कनेक्टर, डाग देऊन. सोल्डरिंग मुलाने केलं, त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे आणि त्याला ते माहीत आहे.

पट्टी गरम पाण्यातून काढून पुसली, खाचेत बसवली, पडू नये म्हणून जागोजागी बोटाने ग्रीस. कव्हर चढवलं, टेनिस बॉल दाबून कडेने फिरवला, पट्टी कुठे बाहेर तर आली नाही ना ते नखाने तपासलं. फायबर, पितळ, नट. नट हाताने लागेपर्यंत, मग पान्याने पाव फेरा. बाबांचा हात आपोआप पान्याकडे गेला. मी पाना पेटीत टाकून पेटी बंद केली.

सीलंट सुकायला रात्र द्यायची म्हणून तेल भरलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी तेल. मेन स्टँडवर, सपाट जागी, लेव्हलचा स्क्रू काढून त्यातून पाझरायला लागेपर्यंत. मापाच्या आकड्यापेक्षा या स्क्रूवर विश्वास ठेवावा, जास्त भरलं तर ते बाहेरचाच रस्ता शोधतं. २०डब्ल्यू५० जाडीचं, कॅनवर ‘जासो एमए’, म्हणजे तेलात भिजणाऱ्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं. क्लच याच तेलात भिजतो, त्यामुळे कारचं इंधन वाचवणारं तेल नको. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लचलाही घसरवतात. काहीजण इथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल घालतात आणि क्लच हलका झाल्याचं सांगतात. होतही असेल. पण गळती तपासायच्या महिन्यात पातळ तेल घालणं मला पटलं नाही.

फूटरेस्ट, ब्रेक पेडल, ब्रेकचा खेळ. पेडल परत बसवल्यावर मागचा स्टॉप लाइट लागतोय का ते बघायचं, स्प्रिंग हमखास राहून जाते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पुठ्ठा, पावडर, रात्रभर साइड स्टँडवर. सकाळी कव्हरखाली काही नाही. पण पुठ्ठ्याच्या मागच्या कोपऱ्यात एक थेंब.

पावडरीत माग काढला तर तो ब्रीदरच्या नळीच्या तोंडाशी. नव्या रबरातून हवेबरोबर तेलाचा थोडा फवारा येतोच, नळी तो मागे टाकते. ही गळती नव्हे, रचनाच तशी. तरी सेक्रेटरींना रचना समजावत बसण्यापेक्षा नळीला फूटभर तुकडा जोडला आणि खोकल्याच्या औषधाची प्लास्टिकची बाटली, झाकणाला भोकं पाडून, टूलबॉक्समागे बांधली. पेव्हर ब्लॉकवरच्या जुन्या डागावर लाकडाचा भुसा आणि धुण्याची पावडर टाकून ठेवलीय. डाग फिका होतोय, जाणार नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

नंबरप्लेट बसली. सेंटरमधल्या मुलाला जुन्या ब्रॅकेटवर नवी पाटी बसवताना थोडी झटापट झाली, पण त्याने भोकं वाढवली नाहीत, पट्टी वळवून घेतली. काम जाणणारा मुलगा. लादी कोरडी.

रविवार, ३० नोव्हेंबर

पहाटे गरम परीक्षा. पाचपाखाडीहून उपवन तलावाला वळसा, मग माजिवड्यावरून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत आणि परत. मेट्रोच्या खांबांखालून त्या वेळीही ट्रक होतेच, म्हणून बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. तेही बरं झालं, इंजिन खरं तापलं. गायमुखला खाडीच्या बाजूला थांबून पांढरा टिश्यू कव्हरच्या पूर्ण कडेने आणि तारांखाली फिरवला. पुढे स्वच्छ. मागे किंचित करडा, पण ती धूळ. नट तपासला नाही. मुद्दाम.

रविवार, १४ डिसेंबर

लेव्हलचा स्क्रू काढला, तेल जिथे भरलं होतं तिथेच. ब्रीदरच्या बाटलीत तळ झाकेल एवढं. मधल्या दिवसांत ऑफिसला दोन-तीनदा नेली, एकदा बाबांना मागे बसवून कोपिनेश्वराच्या देवळात.

दुपारी राबोडीत चाचांना दाखवली. ते गुडघ्यावर बसले, कव्हरखाली बोट फिरवलं, बोट शर्टाला पुसलं, मग तारांच्या भोकाशी अंगठा दाबून ठेवला. उठले आणि पहिला प्रश्न, “हा रबर कुठून आणला?”

वागळे इस्टेटचा गाळा सांगितला. त्यांच्याकडे याच दुखण्याच्या दोन गाड्या उभ्या आहेत, दोन्हींना पेस्ट मारून झालीय. उरलेल्या तिनांपैकी दोन रबर त्यांना दिले. पैसे काढायला लागले तर मी त्याऐवजी डिकॉम्प्रेसरची, म्हणजे किक मारण्याआधी इंजिनमधला दाब सोडणाऱ्या खटक्याची केबल मागितली, माझ्या केबलचे धागे सुटायला लागलेत. त्यांनी खणातून काढून दिली. शिल्लक एक रबर पानांच्या पेटीत, चिठ्ठी बांधून: तीन भोकं, नायट्राइल, प्रायमरीच्या तारा.